कुत्र्याच्या तोंडी माणसाची गोळी

आमच्याकडून यंदाही बोनस आणि कामाचे तास यांवरच काही ऐकायला मिळेल, असे श्रोत्यांनी धरले असेल. विषय कुत्र्याचा आहे हे कळल्यावर चालकमंडळींपैकी एकदोघे हसलेही. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांत. परंतु ज्या चुकीने आम्ही एक मुका जीव गमावला, ती चूक सांगली-साताऱ्यात आणखीही घरांत होत असणार, म्हणून हा विषय घेतला.

सांगलीत आमच्या संघटनेच्या कचेरीच्या पायरीवर मोती नावाचा कुत्रा दहा-अकरा वर्षे राहत होता. वजन १५ किलोच्या आतबाहेर. म्हातारपणी त्याचे मागले पाय आखडले. पावसाळ्यात तर उठताना कण्हायचा. हळदीची पोती वाहणारे आमचे हमाल बंधू कंबर धरली की दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणतात. त्यातलीच एक आम्ही भाकरीत घालून मोतीला दिली. दुसऱ्या दिवशी तो रस्त्यापर्यंत धावला. आम्हाला कोण आनंद! चार दिवस रोज एक गोळी दिली. पाचव्या दिवशी त्याने अन्न सोडले, दोनदा ओकला, आणि त्याची विष्ठा डांबरासारखी काळी व चिकट झाली. कोठे काही घाण खाल्ले असेल असे म्हणून आम्ही तो दिवस घालवला. आणि सांगायला लाज वाटते, पाय दुखत असतील म्हणून संध्याकाळी आणखी एक गोळी दिली. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कोणती दिली?" सलाईन लावले, पण त्याच रात्री तो गेला.

त्यानंतर आम्ही वाचायला लागलो. शरीराला इजा झाली की पेशींतले सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते. सूज, ठणका, ताप ही त्यांचीच करणी. वेदनाशामक गोळी हे विकर अडवते. अ‍ॅस्पिरिन १८९७ साली जर्मनीतल्या बायर कारखान्यात तयार झाले. पण ते काम कसे करते, हे जॉन व्हेन यांनी दाखवून दिले ते १९७१ साली. त्याबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. म्हणजे पाऊण शतक जग ही गोळी गिळत होते आणि ती आत जाऊन काय करते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते!

गोम अशी की, ही द्रव्ये केवळ दुखणे आणत नाहीत. जठराच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर असतो व आम्लापासून जठराचे रक्षण करतो, तो त्यांच्याच आधाराने टिकतो. शरीरातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीच सांभाळतात. कारखान्यात यंत्राचा खडखडाट असह्य झाला म्हणून कोणी मुख्य बटणच बंद केले, तर खडखडाट थांबेल, पण पाण्याचा पंपही थांबेल, तसेच हे. गोळीने ठणका गेला आणि आत व्रण पडला. काळी विष्ठा म्हणजे पोटात वाहिलेले, पचून काळे झालेले रक्त. आम्ही ते चार दिवसांच्या कौतुकात ओळखले नाही.

हे माणसातही घडते. मग कुत्र्यालाच एवढी बाधा का? एक तर कुत्र्याचे यकृत यांतली काही औषधे फार सावकाश बाहेर टाकते. नॅप्रोक्सेन माणसाच्या रक्तात निम्मे व्हायला १२ ते १७ तास लागतात, कुत्र्यात दोन-तीन दिवसही लागू शकतात. रोज दिलेली गोळी आदल्या गोळीवर चढत जाते. दुसरे कारण साधे हिशेबाचे. मेलॉक्सिकॅम हे औषध कुत्र्यांना डॉक्टर देतात, पण पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे ०.१. मोतीसारख्या १५ किलोच्या कुत्र्याला रोजचे झाले दीड मिलिग्रॅम. माणसाची मोठी गोळी १५ मिलिग्रॅमची. म्हणजे औषध योग्य असूनही एका गोळीत दहा दिवसांचा खुराक! शिवाय आपल्याकडे एकाच गोळीत दोन औषधे घालून विकण्याची चाल आहे. जोडीला बहुधा पॅरासिटामॉल असते. ते जास्त झाले तर कुत्र्याचे यकृत बिघडवते, आणि मांजराला तर थोडेही घातक.

याच डायक्लोफिनॅकने गिधाडे मारली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. औषध टोचलेली गुरे मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून हे सिद्ध झाले आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठी ते चालूच आहे, म्हणून ते आमच्या हातात आले. कायदा दुकानाच्या पाटीपर्यंत पोचतो, भाकरीच्या घासापर्यंत पोचत नाही.

मग म्हाताऱ्या कुत्र्याला कण्हत ठेवायचे काय? मुळीच नाही. डॉक्टर वजन करतात, मूत्रपिंड व यकृत पाहण्यासाठी रक्त तपासतात, औषध खाण्याबरोबर द्यायला सांगतात. अशी दोन औषधे एकत्र देत नाहीत, आणि स्टेरॉइड चालू असताना तर नाहीच. ज्या दिवशी कुत्रा खात नाही, ओकतो किंवा हगवणीने सुकला आहे, त्या दिवशी गोळी बंद. जत-आटपाडीच्या उन्हात मेंढरांमागे दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्याला पाणी मिळाले नसेल तर मूत्रपिंडाचा धोका वाढतो, हे आमच्या धनगर मित्रांनी ध्यानी ठेवावे. सातारा जिल्ह्यात शिरवळला जनावरांच्या डॉक्टरांचे महाविद्यालय आहे. त्याला नाव क्रांतिसिंह नाना पाटलांचे आहे, याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो.

आणि आमचे हमाल? मोती गेल्यावर आम्ही कचेरीत विचारले की, या गोळ्या रोज कोण कोण घेतो. बरेच हात वर झाले. उपाशीपोटी, उन्हात, चहावर. त्यांची कहाणी वेगळ्या व्याख्यानाची आहे. परंतु त्यांतल्या दोघांना आम्ही दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला पाठवले.

कुत्र्याने चुकून गोळी खाल्ली तर वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा. किती वाजता खाल्ली आणि किती खाल्ल्या हे आठवून ठेवावे. गोळ्यांचे रिकामे पाकीट केरात न टाकता बरोबर न्यावे. आम्ही ते फेकून दिले होते आणि डॉक्टरांच्या दारात उभे राहून नाव आठवत बसलो होतो.