एकोणपन्नास अक्षरे आणि सासूबाईंची वही

पाडवा म्हणा की उगादी म्हणा, संकल्प करायला आपल्याला मुहूर्त लागतो. ‘यंदा कानडी वाचायला शिकायचे’ हा त्यातलाच एक. संकल्प चांगला, पण किती शिकायचे, कधीपर्यंत, आणि आले हे ओळखायचे कसे? त्याचा पत्ता नसतो.

माझ्या बाबतीत निकड होती. माहेर मराठी, सासर धारवाडकडचे कानडी. बोलणे दोन्ही भाषांत सुरळीत, भांडणसुद्धा. वाचता मात्र बसची पाटीही येत नव्हती. सासूबाई गेल्या आणि त्यांची स्वयंपाकाची 64 पानी वही माझ्याकडे आली. सगळी कानडीत, हाताने लिहिलेली. थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, वाचून दाखवली असती. पण ती मला स्वतः वाचायची होती.

मग संकल्पाला आकडे घातले. कन्नड वर्णमालेत अक्षरे 49. स्वर 13, अनुस्वार-विसर्ग 2, व्यंजने 34. आठवड्याला सात धरली की सात आठवडे. क्रम आपलाच, क-ख-ग-घ, त्यामुळे पाठांतर नाही. ओळख तेवढी करायची. ए आणि ओ मात्र तिथे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. रोज रात्री कन्या दहा शब्द लिहून देई. आठ बरोबर आले तरच कॅलेंडरच्या चौकोनात खूण. खुणा मोजता येतात, ‘बरे चालले आहे’ हे मोजता येत नाही.

प आणि ष, व आणि म या जोड्यांनी छळले. कागुणित, म्हणजे आपली बाराखडी, आठवड्यात उरकली. खरी कसोटी ओत्तक्षरांची. जोडाक्षरातले दुसरे अक्षर पहिल्याच्या पायाशी बसते आणि काहींचे रूप पार बदलते. त्यांना वेगळे तीन आठवडे दिले.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने 13 गुणांची यादी केली होती. आठवड्याला एकाच गुणावर भर, आणि चूक झाली की छोट्या वहीत काळा ठिपका. तिथल्याच ओक्लाहोमात ओंडके वाहणाऱ्या ट्रकवाल्यांवर गॅरी लॅथम यांनी केलेला अभ्यास 1975 साली प्रसिद्ध झाला. ‘जमेल तेवढे भरा’ म्हटले की ते परवानगीच्या वजनाच्या साधारण 60 टक्केच भरत. 94 टक्के असा नेमका आकडा दिल्यावर काही महिन्यांत ते 90 च्या घरात गेले. पगार वाढवावा लागला नाही.

मात्र सगळेच मोजू नये. सुनेने आठवड्यात किती वेळा गोड बोलायचे, याचा तक्ता लावणाऱ्या घरात मला राहायचे नाही. वाचन, चालणे, बचत यांना आकडा शोभतो.

बाराव्या आठवड्यात वही उघडली. रोज अर्धे पान, त्याहून जास्त नाही. छापील अक्षरापेक्षा हाताचे वळण अवघड, आणि सासूबाई लिहायच्याही घाईत. तरी आज 23 व्या पानावर आहे. होळिगे झाली, कट्टिन सारू सुरू आहे. तिथे ‘अच्चेरु’ डाळ लिहिली आहे. अक्का म्हणतात, अर्धा शेर. पण तो मापाचा शेर की वजनाचा, यावर आमचे दोघींचे अजून एकमत झालेले नाही.