शिरोरेषा तुटते तेव्हा

समजा, बारामतीत संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेसाठी संकेतस्थळ बनवत आहेत. इंग्रजीसाठी तयार केलेला साचा त्यांनी घेतला आणि मथळ्यात ‘दूध संकलन’ लिहिलं, तर शिरोरेषा जागोजागी तुटलेली! मथळ्यातली अक्षरं जरा लांब लांब ठेवा, असा नियम त्या साच्यात आहे. रोमन अक्षरांना तो शोभतो, देवनागरीची मात्र दशा होते. मग ते सबंध पानासाठी ‘अंतर शून्य’ असा नियम लिहितात. मथळा तसाच तुटका राहतो.

ब्राउझर हट्टी नाही. दोन नियम भिडले की कुणाचं ऐकायचं, याचा क्रम त्याला घालून दिलेला आहे. नीरा डाव्या कालव्यावर पाणी कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे पाळीच्या क्रमाने ठरावं लागतं. ब्राउझरही तसाच क्रम पाळतो, आणि प्रत्येक पानावर तोच.

पानाचं रूप ठरवणाऱ्या या भाषेचं नाव सीएसएस. होकोन व्हियुम ली यांनी तिचा पहिला प्रस्ताव १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडला, तेव्हा ते स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत होते. पुढे बर्ट बॉस त्यांच्या जोडीला आले आणि डिसेंबर १९९६मध्ये पहिली अधिकृत आवृत्ती आली. पानावर ब्राउझर, वाचक आणि पान बनवणारा अशा तिघांचेही नियम एकाच वेळी चालू शकतात, ही त्यामागची मूळ कल्पना.

पहिला प्रश्न, नियम कुणाचा? साध्या नियमांत ब्राउझरचा सगळ्यात दुबळा, त्यावर वाचकाचा, त्यावर पान बनवणाऱ्याचा. एकाच माणसाचे दोन नियम भिडले, तर कोणता नेमका आहे ते पाहिलं जातं. सगळ्या परिच्छेदांसाठीच्या नियमापेक्षा ठरावीक गटाचा, म्हणजे ‘क्लास’चा नियम भारी, त्याहून एकाच घटकाला दिलेल्या ‘आयडी’चा भारी. इथे बेरीज चालत नाही: डझनभर क्लास एकत्र आले तरी एका आयडीला हरवू शकत नाहीत. नेमकेपणातही बरोबरी झाली, तर जो नियम शेवटी लिहिला तो जिंकतो.

विद्यार्थ्यांचं कोडं इथे सुटतं. त्यांचा नियम सबंध पानाला होता. मथळ्याकडे तो फक्त वारशाने आला. साच्याचा नियम थेट मथळ्यालाच लागू होता. वारशाने आलेला नियम थेट नियमापुढे टिकत नाही, मग तो कितीही उशिरा लिहिलेला असो. ‘अंतर शून्य’ मथळ्याच्याच नावाने, साच्याइतक्याच नेमकेपणाने आणि साच्यानंतर लिहिलं, की शिरोरेषा सलग होते.

घाईत अनेक जण नियमापुढे उद्गारचिन्हासह ‘इम्पॉर्टंट’ लावून मोकळे होतात. त्या क्षणी काम भागतं. पण पुढचा माणूसही तेच करतो आणि कुठला नियम कुठून आला याचा पत्ता लागत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे ‘लेयर’, म्हणजे नियमांचे थर. २०२२च्या सुरुवातीला क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांतही ती सोय आली. साचा एका थरात ठेवला, की थराबाहेर लिहिलेला आपला साधा नियम नेमकेपणाची तुलना न होताच वरचढ ठरतो.

या व्यवस्थेतला सगळ्यात मोलाचा बदल १९९८चा आहे. पहिल्या आवृत्तीत ‘इम्पॉर्टंट’च्या लढतीत पान बनवणारा वाचकावर मात करायचा. दुसऱ्या आवृत्तीने हे उलटं केलं. नजर अधू झालेल्या वाचकाने मोठी अक्षरं किंवा गडद रंग ‘इम्पॉर्टंट’ म्हणून मागितले, तर पान बनवणाऱ्याला ते मोडता येत नाहीत.

मराठी संकेतस्थळं बनवणाऱ्यांनी हा क्रम शिकून घ्यावा. मथळ्यांतलं जादा अंतर काढावं, वेलांटी आणि उकार एकमेकांना भिडणार नाहीत इतकी मोकळी जागा ओळींमध्ये ठेवावी, आणि ‘इम्पॉर्टंट’ शक्यतो वाचकासाठी राखून ठेवावं.