दाढी केली की मान पेटते? नवा शेव्हर घेण्याआधी आधी आरशात बघा

मे महिन्यात गोंदियात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. सकाळी आठलाच मानेवरून घामाच्या धारा. आदल्या दिवशी दाढी केलेली असेल, तर शर्टाची कॉलर नुसती घासली तरी चरचरतं. मग पाऊस येतो, धानाची रोवणी सुरू होते, दिवसभर दमट हवा आणि ओले कपडे. चरचर थांबते, तिची जागा खाज घेते. त्वचा मुळातच नाजूक असेल, तर या जिल्ह्यात मानेला उसंत मिळते ती फक्त थंडीत.

ज्याला दाढी वाढवायची मुभा आहे, तो काही दिवस पातं लावत नाही आणि सुटतो. पण सगळ्यांना ती चैन नाही. गोंदियाच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक १५ मधल्या जवानाला वर्दीसोबत दाढीची शिस्तही पाळावी लागते. राईस मिलमध्ये किंवा तिरोड्याच्या वीज प्रकल्पात चेहऱ्याला घट्ट बसणारा धुळीचा मास्क वापरायचा असेल, तर गालावरचे खुंट मास्कच्या कडेत येतात आणि फटीतून धूळ आत जाते. हॉटेल, बँक, सुरक्षा रक्षकाची नोकरी, सगळीकडे तेच. अशा माणसाने दोनदा ‘रेझर बर्न’ असं सर्च केलं की पुढचा आठवडाभर त्याच्या फीडमध्ये इलेक्ट्रिक शेव्हरच्या जाहिराती फिरतात. प्रत्येकीवर लिहिलेलं असतं, ‘फॉर सेन्सिटिव्ह स्किन’.

हे शब्द खोक्यावर छापले म्हणजे आतल्या मशिनमध्ये अमुक एक गोष्ट असतेच, असं नाही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आपल्या मानेवर नेमकं काय चाललंय, ते समजून घेतलेलं बरं.

आग, फोड, पू की गोल चट्टा?

दाढीनंतर लगेच लाली येते, आग होते आणि एक-दोन दिवसांत सगळं शांत होतं. याला रेझर बर्न म्हणतात. पात्याने केसांसोबत त्वचेचा सगळ्यात वरचा थरही खरवडलेला असतो. पातं बोथट असेल, फेस कमी असेल किंवा त्याच जागेवरून चार वेळा हात फिरवला असेल, तर हे कोणालाही होऊ शकतं.

दुसरा प्रकार चिवट. दाढीनंतर दोन-तीन दिवसांनी मानेवर आणि जबड्याखाली बारीक, टणक फोड येतात आणि नीट पाहिलं तर त्यात अडकलेला केस दिसतो. वैद्यकीय भाषेत याचं नाव स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी. नाव अवघड, गोष्ट सोपी. कुरळा केस तिरपा कापला की त्याला भाल्यासारखं टोक येतं. तो वाढताना वळतो आणि तेच टोक शेजारच्या त्वचेत घुसतं. तीन-चार किंवा पाच पात्यांच्या रेझरने यात भर पडते. पहिलं पातं केस किंचित ओढून धरतं, मागची पाती तो कापतात आणि उरलेला तुकडा त्वचेच्या पातळीखाली जातो. हाताला गाल लोण्यासारखा लागतो खरा, पण तो केस बाहेर येताना बरेचदा आतल्या आतच रस्ता चुकतो. अमेरिकेच्या लष्करात कुरळ्या केसांच्या कृष्णवर्णीय सैनिकांना हा त्रास इतका होत आला आहे की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाढीतून सवलत देण्याची पद्धत तिथे अनेक दशकं चालत आली.

तिसरा प्रकार म्हणजे केसाच्या मुळाशी पिवळट पू असलेले, दुखणारे फोड. हा जंतुसंसर्ग असू शकतो. चौथा प्रकार म्हणजे खाजणारा गोल चट्टा, कडेला लाल आणि मधे थोडा फिकट. हा बहुतेक वेळा गजकर्ण असतो, म्हणजे बुरशी. दमट हवेत ती झपाट्याने पसरते. जांघेत किंवा कमरेला आधीच गजकर्ण असेल, तर तोच टॉवेल तोंडाला लावल्याने ती दाढीपर्यंत पोहोचू शकते.

यातल्या पहिल्या दोन प्रकारांत शेव्हरचा उपयोग होतो. शेवटच्या दोन प्रकारांत नवा शेव्हर कितीही महागाचा असला तरी तो उपचार नाही. उलट संसर्ग झालेल्या जागेवरून मशीन फिरवलं, तर तो उरलेल्या चेहऱ्यावर जातो.

आणि ती ट्यूब?

खाज सुटली की अनेक जण आधी मेडिकलमध्ये जातात आणि ‘दाद-खाज-खुजली’ची ट्यूब मागतात. अशा अनेक क्रीममध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं तगडं स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत लाली उतरते आणि खाज थांबते, पण बुरशी मरत नाही. ट्यूब बंद केली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो.

चेहऱ्यावर हे महिनोन्‌महिने चाललं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ऊन लागलं की चेहरा लाल होतो आणि साध्या साबणानेही झोंबतं. आपली त्वचा ‘सेन्सिटिव्ह’ आहे असं सांगणाऱ्या काही जणांची त्वचा जन्मतः तशी नसतेच, ट्यूबने तशी केलेली असते. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली. २०१८च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड असलेली क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा बदल केला. तरीही घरातल्या कपाटात जुनी ट्यूब असतेच. दाढीनंतर लावण्यासाठी ती काढू नका.

शेव्हर वेगळं काय करतो?

इलेक्ट्रिक शेव्हर तसा जुना आहे. अमेरिकेत जेकब शिक यांना त्याचं पेटंट १९३० मध्ये मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो विक्रीला आला. तत्त्व आजही तेच आहे. पातं थेट त्वचेला लागत नाही. मधे धातूचा पातळ पडदा असतो, केस त्याच्या छिद्रातून किंवा फटीतून आत शिरतो आणि आत हलणारं पातं तो कापतं. त्यामुळे केस त्वचेच्या किंचित वर तुटतो.

जाहिरात ‘ब्लेडसारखी गुळगुळीत दाढी’ असं सांगते. नाजूक त्वचेसाठी मात्र शेव्हरचा खरा फायदा तो ब्लेडइतकी गुळगुळीत दाढी करत नाही, हाच आहे. केसाचं टोक बाहेर राहिलं, तर तो आत वळण्याची शक्यता कमी होते. शिवाय कापण्या-खरचटण्याचा धोकाही कमी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असलेल्या किंवा मधुमेह असलेल्या वडिलांसाठी शेव्हर घ्यायचा असेल, तर एवढं एकच कारण पुरेसं आहे.

जाळी, फिरती चकती की साधा ट्रिमर?

जाळीच्या म्हणजे फॉइल शेव्हरमध्ये बारीक छिद्रांच्या पत्र्याखाली पाती डावी-उजवीकडे धावतात. ब्राउन आणि पॅनासोनिकचे शेव्हर मुख्यतः या घराण्यातले. रोज दाढी करणाऱ्यासाठी आणि आग होणाऱ्या त्वचेसाठी साधारणपणे हा प्रकार सौम्य मानला जातो. मात्र तीन-चार दिवसांची वाढलेली, आडवी झोपलेली दाढी त्याच्या छिद्रांत नीट शिरत नाही.

फिरत्या चकत्यांचा म्हणजे रोटरी शेव्हर ही फिलिप्सची ओळख. १९३९ मध्ये अलेक्झांडर होरोविट्झ या अभियंत्याने तो तयार केला. जबड्याच्या वळणावर, गळ्याच्या घाटीवर, जिथे केस चारही दिशांना उगवतात तिथे तो चांगला चालतो. तोटा असा की गोल-गोल फिरवताना माणूस नकळत दाबत जातो आणि दाबलं की आग होतेच.

ज्यांना टणक फोडांचा त्रास आहे, त्यांनी मात्र दोन्ही बाजूला ठेवून आधी ट्रिमरचा विचार करावा. दुकानात अनेकदा सगळ्याच मशिनला सरसकट ‘ट्रिमर’ म्हणतात, म्हणून फरक माहीत असायला हवा. ट्रिमर दाढी गुळगुळीत करत नाही, अर्धा-एक मिलिमीटर खुंट ठेवतो. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते. म्हणजे ट्रिमर केलेला चेहरा दोन दिवसांपूर्वी ब्लेड मारल्यासारखा दिसतो. नोकरीत तेवढं चालत असेल, तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित पर्याय हाच. पाच हजारांचा शेव्हर घेऊनही फोड येत राहणारा माणूस कधी कधी हजाराच्या ट्रिमरवर सुखी होतो.

खोक्यावर बघायच्या गोष्टी थोड्याच. बदली जाळी किंवा चकती या मॉडेलसाठी मिळते का आणि केवढ्याला, हे सगळ्यात आधी विचारा. ती साधारण दीड-दोन वर्षांत बदलावी लागते आणि कधी कधी तिची किंमत मशिनच्या निम्म्याच्या घरात जाते. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी ब्रँडचा खरा घोटाळा इथे असतो. पातं बोथट झालं की ते केस कापण्याऐवजी ओढायला लागतं आणि बदली भाग कुठेच मिळत नाही. ‘आयपीएक्स ७’ लिहिलेलं असेल तर मशीन एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते, म्हणजे नळाखाली धुता येईल. गावात वीज जात-येत असेल, तर लिथियम बॅटरी आणि पाच मिनिटांत एका दाढीपुरती चार्ज होण्याची सोय कामाची आहे. स्वस्त घड्याळ किंवा बेल्टच्या बकलने अंगाला खाज सुटत असेल, तर काही जाळ्यांमध्ये निकेल असतं हेही ध्यानात ठेवा.

वापरताना हात हलका

ब्लेडची सवय असलेला हात शेव्हरही तसाच दाबतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. शेव्हर दाबून दाढी जास्त चांगली होत नाही, फक्त त्वचा छिद्रांत फुगून वर येते आणि खरवडली जाते.

गोंदियाच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण आहे. घामाने ओल्या चेहऱ्यावर कोरडा शेव्हर सरकत नाही, चिकटतो. म्हणून तोंड धुऊन, पुसून, पंख्याखाली पाच मिनिटं बसून मग दाढी करा. मशीन ओल्या दाढीसाठी बनलेलं असेल, तर आंघोळीनंतर बिनवासाचं शेव्हिंग जेल लावून केलेली दाढी बहुतेकांना सोसते. सुरुवात मानेपासून करा. चालता चालता मशिनचं डोकं तापतं आणि नाजूक जागा तापण्याआधीच उरकलेली बरी.

कंपनीच्या पुस्तिकेत त्वचा ताणून केसांच्या उलट दिशेने फिरवा असं लिहिलेलं असतं. ज्याला फक्त आग होते, त्याच्यासाठी ते ठीक. फोड येणाऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञ नेमकं उलटं सांगतात. त्वचा ताणू नका, मशीन त्वचेवर रुतवू नका, किंचित वरच्यावर धरा. थोडे खुंट राहिले तर राहू द्या.

नंतर गार पाणी आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. अल्कोहोलचा आफ्टरशेव्ह झोंबतो. तुरटी रक्त थांबवते, पण त्वचा कोरडीही करते. त्यातून सलूनमधला दहा जणांच्या गालावरून फिरलेला तुरटीचा खडा आपल्या गालाला लावूच देऊ नये.

तोच नियम मशिनला. दोन भावांत एक शेव्हर हे काटकसरीचं वाटतं, पण हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. दाढीत न दिसणारे ओरखडे पडतात. गजकर्ण असेल तर ते वेगळंच. सलूनमध्ये गेलात तर नवं पातं तुमच्यासमोर लावायला सांगा आणि मशीन वापरणार असतील तर डोकं पुसून घ्या म्हणा. दादा-काका म्हणून सांगितलं की कोणी नाही म्हणत नाही. घरचा शेव्हर प्रत्येक वेळी झटकून, आठवड्यातून दोन-तीनदा धुऊन पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ओलाच झाकून ठेवला, तर आत बुरशीला आयतंच घर मिळतं.

पहिल्या आठवड्यात त्वचा कुरकुर करेल. ब्लेडवरून शेव्हरवर आलेल्या त्वचेला रुळायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. या काळात एक दिवस ब्लेड, एक दिवस शेव्हर असं केलं तर कोणाचाच अंदाज येत नाही. चार आठवड्यांनंतरही फोड येत असतील, पू दिसत असेल किंवा गोल चट्टा पसरत असेल, तर मशीन बाजूला ठेवा आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाची ओपीडी गाठा. वर्दीतल्या माणसाने तर नक्कीच, कारण काही दिवस दाढी न करण्याची परवानगी मागायची तर हातात डॉक्टरांचा कागद लागेल. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी. डॉक्टर बहुतेक पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारतील.