गोवंशातील चरबीपेशी आणि मायक्रोआरएनए

बेळगाव-निपाणी परिसरात शेतीकामाची काटक खिलार आणि दुधासाठी पाळलेली संकरित गाय, दोन्ही पाहावयास मिळतात. गाय व्यायल्यावर दूध वाढते, पण तेवढा चारा तिला खाववत नाही. तेव्हा ती अंगातील चरबी वापरते. ही चरबी साठवणारी पेशी कशी घडते, हे प्रस्तुत लेखात पाहू.

अपक्व पेशीची चरबीपेशी होण्यासाठी 'पीपीएआर-गॅमा' हे नियामक प्रथिन आवश्यक असते. जनुकातील माहिती संदेशवाहक आरएनएत उतरते व त्यावरून प्रथिन बनते, हे आपण वर्गात शिकवतो. परंतु संदेश निघाला म्हणजे प्रथिन बनलेच, असे नव्हे. सुमारे २२ घटकांचा आखूड मायक्रोआरएनए जुळणाऱ्या संदेशाला चिकटतो. मग तो संदेश नष्ट होतो किंवा त्याचे वाचन थांबते. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये सूत्रकृमीत ही यंत्रणा दाखवली. त्याबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रोआरएनए-२७ पीपीएआर-गॅमाचा संदेश रोखतो व चरबीपेशीची घडण मंदावते, असे उंदराच्या आणि मानवी पेशींत आढळले. हा मायक्रोआरएनए गाईतही आहे. याउलट मायक्रोआरएनए-१४३ या घडणीस साह्य करतो, असे मानवी पेशींत २००४ मध्ये दिसले. म्हणजे एक कासरा, तर दुसरा चाबूक.

स्नायूपेशी आणि चरबीपेशी यांत जनुके तीच असतात. फरक त्यांच्या नियमनाचा होय. म्हणून चरबीचे कारण सांगताना जात आणि चारा एवढ्यावर न थांबता, संदेश कोठे अडतो हेही विद्यार्थ्यांना सांगावे.