मताचा अधिकार आणि सभेंतील आवाज

लोकशाही म्हणजे केवळ मतपेटी नव्हे, हें धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून चांगलें ध्यानांत येतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. प्रौढ मताधिकार तेथें नव्हता. पुढें अवघ्या चार वर्षांत, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, २१ वर्षें पुरीं झालेल्या स्त्रीपुरुषांस तो एकदमच लाभला. लोकशाहीचें माहेर म्हणून गाजलेल्या स्वित्झर्लंडांत स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकींत मत मिळण्यास १९७१ साल उजाडावें लागलें!

परंतु मत पांच वर्षांतून एकदां द्यावयाचें. कारभार मात्र रोजचा. म्हणून ग्रामसभेचें महत्त्व. गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव, तो तिचा सभासद. गांवाचा जमाखर्च आणि सरकारी योजनांच्या लाभार्थींची निवड हे विषय तिच्यापुढें यावयाचे असतात. १९९३ मध्यें अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत स्त्रियांसाठीं किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्रानें २०११ मध्यें त्या निम्म्यावर नेल्या.

तथापि जागा राखतां येते, आवाज राखतां येत नाहीं. सरपंच पत्नी आणि कारभार पतीचा, असा प्रकार अनेक ठिकाणीं आढळतो. यास्तव ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरवावी, असा महाराष्ट्रांत नियम आहे. तेथें एखादी बाई "हा खर्च कशाचा?" असें विचारूं लागली, म्हणजे मताधिकारास खरा अर्थ येतो. शहरवासीयांनींही मनाशीं विचारावें : आपल्या प्रभागाचा हिशेब आपण शेवटचा केव्हां मागितला?