एटीव्हीमधील विद्युत बिघाडांचे निदान

ऑल टेरेन व्हेइकल किंवा एटीव्ही हे वाळू, चिखल, बर्फ व खडकाळ जमिनीवर चालवण्यासाठी बनवलेले, रुंद व कमी दाबाच्या टायरांचे छोटे वाहन आहे. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत आणलेले यूएस ९० हे तीनचाकी वाहन या प्रकारातील आरंभीच्या वाहनांपैकी एक होय. अनेक आधुनिक एटीव्हींना दोरी ओढून इंजिन सुरू करण्याची सोय नसते. त्यामुळे विद्युत यंत्रणा बंद पडल्यास चालक रस्त्यापासून दूर अडकून पडू शकतो.

== रचना ==
यंत्रणेत साधारणपणे १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, स्टार्टर मोटर, स्टार्टर रिले, फ्यूज, स्टेटर व रेग्युलेटर-रेक्टिफायर हे भाग असतात. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकांमुळे स्टेटरच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती धारा निर्माण होते. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिचे दिष्ट धारेत रूपांतर करतो व व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि धारा परतण्यासाठी सांगाड्याचा उपयोग होतो. म्हणून ही एकच 'अर्थ' जोडणी गंजल्यास अनेक उपकरणे एकाच वेळी बिघडल्यासारखी वाटतात.

== बिघाडाची कारणे ==
कंपनांमुळे जोडण्या सैल होतात. चिखल, खारी हवा व धुताना जोराने मारलेले पाणी यांमुळे कनेक्टरांत गंज धरतो. वाहन दीर्घकाळ उभे राहिल्यास बॅटरी उतरते व तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो. विंचसारखी जादा उपकरणे मंद वेगात वापरल्यास स्टेटरच्या निर्मितीपेक्षा मागणी अधिक होते.

== तपासणीचा क्रम ==
प्रथम इंजिन बंद करणारे बटण, गिअरची स्थिती व ब्रेक तपासतात, कारण अनेक वाहने न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय किंवा ब्रेक दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. त्यानंतर फ्यूज पाहतात. पुढील चाचण्या मल्टीमीटरने केल्या जातात.

* '''बॅटरी:''' काही तास स्थिर राहिलेल्या पूर्ण भारित बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ ते १२.८ असते. १२ व्होल्टच्या आसपासची बॅटरी बरीच उतरलेली समजावी.
* '''स्टार्टर:''' बटण दाबल्यावर केवळ 'टक' असा आवाज आल्यास रिलेपर्यंत संदेश पोहोचत असतो. तेव्हा बॅटरी, जाड तारा, रिलेचे संपर्क किंवा मोटर यांवर संशय घेतात.
* '''चार्जिंग:''' इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीवर सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. १५ व्होल्टच्या वर गेल्यास रेग्युलेटर किंवा त्याची जोडणी सदोष असण्याची शक्यता असते.
* '''स्टेटर:''' व्होल्टेज वाढत नसल्यास स्टेटरचा कनेक्टर सोडवतात. तीन तारांच्या स्टेटरमध्ये प्रत्येक जोडीतील रोध अल्प व सारखा असावा आणि कोणत्याही तारेचा सांगाड्याशी विद्युत संपर्क नसावा.

नेमकी मूल्ये उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेली असतात.

== भाराखालील मापनाचे महत्त्व ==
मल्टीमीटर स्वतः अत्यल्प धारा घेतो. त्यामुळे एखादाच धागा शिल्लक राहिलेली तारही स्थिर स्थितीत १२ व्होल्ट दाखवू शकते. ओहमच्या नियमानुसार, ०.०२ ओहम रोधाच्या जोडणीतून १०० अँपिअर धारा गेल्यास तेथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून स्टार्टर फिरत असताना तारेच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजतात. ते जितके शून्याजवळ, तितकी जोडणी चांगली. ही चाचणी न करता भाग बदलल्यास महागडा नवा भाग बसवूनही मूळ दोष तसाच राहतो.

== सुरक्षितता ==
चार्जिंग होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघू शकतो, त्यामुळे जवळ ठिणगी किंवा ज्योत नसावी. बॅटरी काढताना ऋण टोक प्रथम सोडवतात व बसवताना ते शेवटी जोडतात. वारंवार जळणारा फ्यूज शॉर्ट सर्किट किंवा अतिभाराचे लक्षण असतो. त्याऐवजी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा साधी तार लावल्यास तारांचे आवरण वितळून इंधनाच्या टाकीजवळ आग लागण्याचा धोका संभवतो.