मोगलाईतली मराठी

कापडी पिशवीतून काढलेला तो कागद घडीवर फाटत आला होता. मास्तरांनी चटईवर पांढरं फडकं अंथरलं, त्यावर कागद सरळ केला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवायला सुरुवात केली. उदगीरच्या जुन्या वस्तीतलं घर. मास्तर आयुष्यभर उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेले, काका त्यांच्या समोर मांडी घालून बसलेले. कागद आमच्या पणजोबांच्या इनामाचा, ज्याला आमच्याकडे मुंतखब म्हणतात. तीन पिढ्या तो ट्रंकेत होता आणि तिन्ही पिढ्यांत कुणालाच वाचता येत नव्हता.

"मौजाचं नाव बराबर हाये. तालुका उदगीर, जिल्हा बिदर," मास्तर म्हणाले.

"बिदर कसं काय, मास्तर? आपण तर लातूरवाले."

"त्या टायमाला बिदरचेच होतो की आपण."

काका बराच वेळ गप्प राहिले. साठी ओलांडलेल्या माणसाला आपला जिल्हा नव्याने कळत होता.

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यातल्या असंख्य घरांत अशा ट्रंका उघडल्या गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातल्या दप्तरात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला. मराठा आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट हलवून गेली. आपण कोण, हे सरकारदरबारी सिद्ध करायला मराठी माणसाला मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस गाठावा लागला. या प्रदेशाची ओळख कोणत्या लिपीत ठेवली होती, ते त्या निमित्ताने गावोगाव उघड झालं.

ओळखीचा हा गुंता समजून घेताना मला सारखी वेल्सची आठवण येते. इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेला हा डोंगराळ, मेंढपाळांचा, पुढे कोळसाखाणींचा देश. त्याचं 'वेल्स' हे नाव इंग्रजांनी दिलेलं. जुन्या इंग्रजीतल्या ज्या शब्दावरून ते आलं त्याचा अर्थ परका. स्वतः तिथले लोक आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात. त्याच्या मुळाशी अर्थ आहे एका मुलखाचे सोबती. म्हणजे ज्यांच्या घरात शेजारी शिरला, त्यांनाच शेजाऱ्याने परकं ठरवलं.

आपल्याकडेही हे घडलं, आणि ते नाव तर आपल्याच भावंडांनी दिलं. इंग्रजी अमलाखालच्या पुणे-सोलापूर-नगरच्या माणसाला निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई. सीना ओलांडली की मोगलाईत गेला. हळूहळू मराठीत या शब्दाचा अर्थच अंदाधुंदी असा झाला. 'काय मोगलाई लागून गेलीय काय?' असं आजही सहज बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण मुकुंदराजांचं अंबाजोगाई, नामदेवांचं नर्सी, एकनाथांचं पैठण ज्या मुलखात आहे, त्याच्या नावावर मराठी भाषेत ही शिवी नोंदली गेली, याचं मला कधीच हसू आलं नाही.

१५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली. वेल्श बोलणाऱ्याला इंग्रजीशिवाय सरकारी पद नाही. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू दरबारची, कचेरीची भाषा झाली. संस्थानातले साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पाव हिस्सा मराठी, उरलेल्यांत कानडी आणि उर्दू. गावपातळीवर पाटील-कुळकर्ण्यांचं दप्तर मोडीत चालायचं, पण तहसिलीच्या पायऱ्या चढल्या की उर्दू. पोराला प्राथमिक शाळेत मराठी मिळे. वरच्या वर्गांत माध्यम बदले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं ते उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत विज्ञान, वैद्यक आणि कायदा शिकवायचा तो प्रयोग मोठा होता, त्यासाठी पुस्तकं भाषांतरित करणारी स्वतंत्र संस्था उभी केली गेली, हे मान्य केलंच पाहिजे. फक्त नांदेडच्या किंवा निलंग्याच्या शेतकऱ्याच्या पोराला ती देशी भाषाही शिकूनच घ्यावी लागत होती.

वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक शाळांत लाकडाचा एक तुकडा असे. त्यावर इंग्रजीत 'वेल्श नको' अशा अर्थाची अक्षरं. वर्गात वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात तो अडकवायचा. त्याने दुसऱ्याला वेल्श बोलताना पकडलं की तो तुकडा त्या दुसऱ्याकडे. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. हा काही संसदेने केलेला नियम नव्हता. मास्तर करत, आणि पोरगं पुढे जावं म्हणून आईबापही गप्प बसत. १८४७ मध्ये सरकारी चौकशीच्या निळ्या पुठ्ठ्यांच्या अहवालांनी वेल्श भाषेला मागासलेपणाचं मूळ ठरवलं. त्या अहवालांना वेल्समध्ये आजही विश्वासघात म्हणतात.

आमच्याकडे गळ्यात लाकूड नव्हतं, पण निजाम सरकारचं १९२९ चं परिपत्रक होतं, गश्ती निशाण ५३. सभा घ्यायची तर आधी परवानगी. खाजगी शाळा काढायलाही परवानगी लागे. म्हणून या मुलखात शाळा काढणं हेच राजकारण झालं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय यांतून जी पिढी निघाली तिनेच पुढे निजामाविरुद्धचा लढा चालवला. संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरलं, दुसरं १९३८ मध्ये लातूरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं आणि पोरं शिकायला नागपूरची वाट धरू लागली. आ. कृ. वाघमारे पुण्याहून 'मराठवाडा' साप्ताहिक काढत. बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढत. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक आंदोलकांनी ताब्यात घेतली आणि तो पैसा लढ्याला पुरवला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

या सगळ्याच्या मध्यभागी असलेला माणूस जन्माने मराठवाड्याचा नव्हता. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, यांचा जन्म १९०३ मध्ये विजापूरकडच्या सिंदगीचा. ते हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला मास्तर होते. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं आणि ते सर्वस्वी योग्य होतं. वेल्समध्ये १३ फेब्रुवारी १९६२ ला रेडिओवरून भाषेच्या भवितव्यावर व्याख्यान देऊन ज्यांनी तरुण पिढीला रस्त्यावर आणलं ते साँडर्स लुईस जन्मले होते इंग्लंडात, वॉलसी गावी. एखादा मुलूख कुणाचा, याचं उत्तर जन्मदाखल्यात शोधणाऱ्यांनी ही दोन नावं जवळ ठेवावीत.

मग एक प्रश्न उरतो आणि तो मला वर्षानुवर्षं छळतोय. १९११ मध्ये वेल्समधले शंभरातले त्रेचाळीस लोक वेल्श बोलत. २०२१ च्या जनगणनेत ते १७.८ टक्क्यांवर आले. १५८८ सालचं वेल्श बायबल, रविवारच्या शाळा, कवींचे आयस्टेडवॉड मेळे, १९८२ पासूनची स्वतःची दूरचित्रवाहिनी, १९९९ पासूनची स्वतःची विधानसभा, एवढं सगळं पाठीशी असून. आमची मराठी मात्र उर्दूच्या साठ-सत्तर वर्षांतून जवळजवळ साबूत बाहेर आली. का?

आम्ही जास्त चिवट होतो म्हणून, असं सांगायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. वेल्सच्या शेजारी दुसरा वेल्स नव्हता. आमच्या शेजारी होता. सरहद्दीपलीकडे पुण्यात छापखाने होते, वर्तमानपत्रं होती, नागपुरात कॉलेज होतं. इथे बंद केलेलं तिथे छापता येत होतं. शिवाय इंग्रजी येणाऱ्या वेल्श पोराला खाणीत, रेल्वेत, लंडनात भाकर मिळत होती. उर्दूची भाकर मात्र मोजक्या कचेऱ्यांपुरती होती.

पण ज्या शेजाराने मराठी वाचवली, त्यानेच तिची किंमत वसूल केली. शेजारची मराठी मोठी, प्रमाण, छापील; आमची मोगलाईतली. मी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलाला "काय करायलास?" असं विचारलं आणि अख्खी खोली हसली. त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासून घेत असे. 'करायलास' हे 'करायला लागला आहेस'चंच आटोपशीर रूप, आणि क्रिया चालू असल्याचं ते नेमकं सांगतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. तिथे नरहर कुरुंदकर शिकवू लागले, पुढे प्राचार्य झाले. हैदराबादचा प्रश्न काय होता हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यांनी पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. आमच्या पिढीला ताठ मानेने बोलता आलं त्यात त्यांचा वाटा फार मोठा. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी मांडवात मागे बसून लोकांचं बोलणं ऐकत होतो. 'करायलास', 'जायलाव' सगळीकडे, आणि कुणी हसत नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य भाषेनुसार कापलं गेलं. उदगीर, अहमदपूर, निलंगा बिदरमधून निघून उस्मानाबादेत आले आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरचे झाले. नांदेडचा मुधोळ तालुका बासरच्या सरस्वतीसकट तेलुगू मुलखात गेला, आदिलाबादचं किनवट नांदेडात आलं. नकाशावर रेघ सरळ दिसते. देगलूरच्या बाजारात आजही एकच बाई मराठीत भाव करते, तेलुगूत भांडते आणि दख्खनीत हिशेब मिटवते. २०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी तर आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली. मराठी सोडायची म्हणून नाही. पलीकडे शेतकऱ्याला एकरी पैसा आणि चोवीस तास वीज मिळत होती म्हणून. पुण्यातल्या ज्यांना ती मागणी मराठीद्रोह वाटली, त्यांनी १९५३ च्या नागपूर कराराने या भागाला काय कबूल केलं होतं ते वाचावं.

मास्तर अजून वाचतच होते. फसली सनात ५९० मिळवून त्यांनी साल काढलं. महिना आज़ूर, म्हणजे आपला ऑक्टोबर. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव. मग चतुःसीमा. पूर्वेला ओढा. दक्षिणेला गावठाण. उत्तरेला महारकीची जमीन. पश्चिमेला, आणि इथे मास्तरांचं बोट थांबलं, एका पिंजाऱ्याचं नाव.

"ती पिंजाऱ्याची पट्टी," काका लगेच म्हणाले. "अजून तेच म्हणतेत सगळे."

"पिंजारी कुठं हायेत आता?"

काकांनी कागदाकडे बघत उत्तर दिलं. "ॲक्शनच्या साली गेले."

आमच्याकडे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईला पोलिस ॲक्शनच म्हणतात. १७ सप्टेंबरला आम्ही मुक्तिदिन साजरा करतो, आणि करावाच. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी जे भोगायला लावलं ते विसरण्यासारखं नाही. पण त्या दिवसानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच हिवाळ्यात केली. सर्वांत जास्त झळ लागलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. आजचा लातूर जिल्हा त्यातल्या दोघांतून बनलेला आहे. तो अहवाल दशकानुदशकं दाबून ठेवला गेला.

मास्तरांनी वाट्या एकेक करून उचलल्या आणि कागद जुन्याच घड्यांवर दुमडला. त्याआधी काकांनी त्यांना ते नाव पुन्हा एकदा, सावकाश वाचायला लावलं, आणि पिशवीतल्या वहीत देवनागरीत लिहून घेतलं.